कोकण किनाऱ्यावरचे पक्षी शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी ओळखायला शिकायचंय. थेट समुद्रावर जाऊ का?

नको. पहिला महिना घरामागच्या वाडीतच काढा. डिसेंबरात हौसेने खाडीवर गेलं की समोर दोन-तीनशे राखाडी-तपकिरी पक्षी एकाच चिखलात चोची खुपसत असतात आणि त्यातला एकही पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. तिथे नाउमेद झालेले बरेच जण पुन्हा दुर्बीण हातात घेत नाहीत.

वाडीतले पक्षी रोज दिसतात, जवळून दिसतात आणि ओरडतातही. दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, शिंजीर, शिंपी, हळद्या, तांबट, कुटुरगा, कोकीळ, भारद्वाज, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, सातभाई, साळुंकी, डोमकावळा, वंचक, गायबगळा, टिटवी, घार ही वीस नावं नुसती पाहून आणि नुसती ऐकूनही सांगता आली पाहिजेत. पुढे अनोळखी पक्षी दिसला की "बुलबुलापेक्षा लहान", "साळुंकीएवढा पण सडपातळ" असं मोजमाप याच विसांवरून करायचं आहे.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणून पहाटे आणि दाट बागेतही उजेड पुरतो. दहापटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात हात हलतो आणि चित्रही हलतं. चष्मा असेल तर 'आय रिलीफ' (भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटरच्या वर आहे का ते विचारा आणि बघताना डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवून ठेवा.

नवी दुर्बीण "दोन-दोन दिसते", "डोकं दुखतं" अशी तक्रार येते तेव्हा बहुधा ती जुळवलेलीच नसते. तीस-चाळीस मीटरवरचं काहीतरी ठसठशीत निवडा, जेटीचा खांब किंवा माडाच्या झावळीची कड. उजवं पुढचं भिंग हाताने झाका आणि डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून चित्र स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच कड स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. घरात दुसऱ्याने दुर्बीण हाताळली की ती कडी सरकते, तेवढी खूण तपासत जा.

खाडीवर नेहमी जाणार असाल तर पुढे कधीतरी तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीण) घ्या. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

खाऱ्या हवेत आणि पावसात दुर्बीण टिकते का?

काळजी घेतली तर टिकते. समुद्रावरून आल्यावर कोरड्या रुमालाने भिंग पुसणं ही सगळ्यात वाईट सवय. वाळूचे कण आणि मिठाचे खडे काचेवर घासले जातात आणि वरचा लेप ओरखडतो. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाने मीठ टिपून घ्या, शेवटी कोरडं कापड फिरवा. दुर्बिणीचं अंगही तसंच पुसा.

पावसाळ्यात शत्रू म्हणजे बुरशी. भिंगाच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसायला लागले की घरी काही करता येत नाही. जून ते सप्टेंबर दुर्बीण कातडी पिशवीत किंवा लाकडी कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतायचे आणि गार करून परत वापरायचे.

किनाऱ्यावर कोणत्या वेळी जावं? आम्ही गेलो की पक्षी नसतातच.

पक्षी असतात, वेळ चुकलेली असते. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. पूर्ण ओहोटीला चिखल आणि वाळू दूरवर उघडी पडते आणि पक्षी त्यावर पांगतात, दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. भरती चढायला लागली की खायची जागा कमी होत जाते आणि पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. पूर्ण भरतीला ते वाळूच्या उंचवट्यावर, कातळावर किंवा मिठागराच्या बांधावर एका पायावर उभे राहून विसावा घेतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सर्वात चांगले.

भरतीची वेळ काढायला कोळी बांधवांचा हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तेव्हा तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. तीच वेळ साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि मधे सव्वासहा तासांवर ओहोटी असते. हा हिशेब मुंबईच्या बाजूला बसतो, सिंधुदुर्गात भरती थोडी आधी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. होडीने जाणार असाल किंवा वाळूच्या दांड्यावर चालत जाणार असाल तर मात्र बंदरावरचा भरतीचा तक्ता पाहा.

आता यात सूर्य मिळवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्याचं पीस न् पीस दिसतं. संध्याकाळी तोच पक्षी काळी सावली होतो. त्यामुळे त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतची सकाळ आम्ही सगळ्यांना सुचवतो: उधाणाची मोठी भरती, ती सकाळभर चढत असते आणि ऊन पाठीशी असतं. त्रयोदशीला आठच्या आत पोहोचा, पौर्णिमेला नऊला गेलात तरी चालेल. उलट अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते. सहाला भरती, बाराला ओहोटी, ती पण अर्धवट. दहानंतर तापलेल्या वाळूवरून हवा थरथरायला लागते आणि दूरचं काहीच स्थिर दिसत नाही. त्या दिवशी सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) किंवा देवराईत जा.

कोणत्या महिन्यात काय दिसतं?

ऑगस्टात पहिले पाहुणे तुतवार (सँडपायपर) आणि चिखल्या (प्लव्हर) येतात. काहींच्या अंगावर अजून विणीचा तांबूस रंग शिल्लक असतो, तो बघण्यासारखा असतो. कुरव (गल) ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. डिसेंबर-जानेवारीत संख्या भरलेली. मार्च-एप्रिलमध्ये जायच्या आधी पुन्हा रंग चढतो आणि पक्षी अधाशासारखे खातात, कारण पुढचा प्रवास त्याच चरबीवर करायचा असतो. मे महिन्यात किनाऱ्यावर थोडे पक्षी राहिलेले दिसले तर ते आजारी समजू नका, त्यांत पहिल्या वर्षाची पिल्लं पुष्कळ असतात. ती पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेला जात नाहीत.

चिखलातले सगळे पक्षी सारखेच दिसतात. वेगळे कसे करायचे?

रंगापासून सुरुवात करू नका. हिवाळ्यात रंग फसवतो. पायांचा रंगही शेवटी बघा, चिखलाने माखलेला तांबडा पाय काळाच दिसतो.

पहिलं, आकार. बुलबुलापेक्षा लहान, साळुंकीएवढा की कोंबडीच्या जवळ जाणारा? दुसरं, चोच. तिची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून बघा: कमी, तेवढीच, दुप्पट? सरळ, वर वळलेली की खाली वाकलेली? तिसरं, खायची पद्धत. चौथं, उडताना पंखावर आणि कमरेवर पांढरं कुठे दिसतं.

खायच्या पद्धतीवर जरा थांबू या, कारण दुरून तीच सर्वात आधी दिसते. चिखल्या धावतो, थबकतो, एक टोच मारतो, पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळा मोठा, तो बघून खातो. तुतवार आणि टिलवे चालता चालता सतत टोचत किंवा खुपसत राहतात. त्यांना चोचीच्या टोकाने चिखलातलं भक्ष्य कळतं. लाटेच्या कडेने लाट मागे गेली की पुढे आणि पुढे आली की मागे पळणारा पांढुरका थवा सँडरलिंगचा. शिंपले-दगड उलटवत फिरणारा टर्नस्टोन. सतत शेपूट खालीवर हलवत कातळाच्या कडेने एकटाच फिरणारा, उडताना पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत जाणारा सामान्य तुतवार. तो खाडीच्या धक्क्यावरही भेटतो, म्हणून पहिला तोच पक्का करा.

मग जोड्या सोडवा. केंटिश चिखल्याच्या मानेभोवती पूर्ण पांढरी कॉलर असते आणि छातीवरचा पट्टा मधे तुटलेला असतो. वाळू चिखल्याला मागे कॉलर नसते आणि तो थोराड असतो. धाकटा आणि थोरला वाळू चिखल्या वेगळे करणं अवघड आहे, वहीत नुसतं "वाळू चिखल्या" लिहा, त्यात कमीपणा नाही. टिलव्यांत उडताना पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसली तर लाल पायांचा टिलवा. पट्टी नाही, पाठीवर पांढरं टोक वर घुसलेलं आहे आणि "ट्यू-ट्यू-ट्यू" असे तीन खणखणीत सूर आले तर हिरव्या पायांचा. खाली वाकलेल्या चोचीचे दोन मोठे पक्षी असतात. डोक्याच्या तिप्पट लांब चोच आणि साधं डोकं असलेला कर्ल्यू. आखूड चोच, डोक्यावर गडद पट्टे आणि उडताना एकाच सुरातली भराभर सात-आठ वेळा शीळ असली तर व्हिम्ब्रेल. व्हिम्ब्रेल कातळाच्या किनाऱ्यावरही खेकडे शोधत फिरतो, कर्ल्यू बहुधा चिखलात.

एका सकाळी एकाच जातीला वीस मिनिटं द्या. वीस जाती एकेक मिनिट बघून घरी काहीच राहत नाही.

कुरव आणि सुरय (टर्न) यांत फरक काय?

कुरव जाड चोचीचा, भरदार, पाण्यावर बसतो, मेलेली मासळीही खातो. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बहुधा हवेतून सूर मारून मासा पकडतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असताना किंवा मासळी निवडली जात असताना दोन्ही फार जवळून दिसतात. मात्र कामाच्या मधे जाऊ नका, दोरापासून लांब, बाजूला उभे राहा.

"तपकिरी डोक्याचा" आणि "काळ्या डोक्याचा" या नावांनी हिवाळ्यात गोंधळ होतो, कारण तेव्हा दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक गडद डाग उरतो. पंखाचं टोक बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके आणि फिकट डोळा असेल तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद असेल तर काळ्या डोक्याचा. ही खूण प्रौढ पक्ष्यांसाठी आहे.

सुरय चोचीवरून सोडवा. नारिंगी चोच असेल तर छोटा तुरेवाला, हिरवट पिवळी आणि अंगाने मोठा असेल तर मोठा तुरेवाला. जाडजूड लालभडक चोच कॅस्पियन सुरयाची. काळी चोच आणि तिचं टोक पिवळं असेल तर सँडविच सुरय. जाड काळी चोच आणि सूर न मारता चिखलावरून भक्ष्य उचलत असेल तर कुरवचोच्या सुरय.

वर घिरट्या घालतोय तो गरुड की घार?

शेपूट बघा. शेपटीला खाच असेल तर साधी घार. शेपूट गोलाकार असेल तर ब्राह्मणी घार, प्रौढ पक्ष्याचं डोकं-छाती पांढरी आणि बाकी अंग विटकरी. तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि साध्या घारीत हरवतं, तिथेही शेपूटच कामी येते. आखूड, पाचरीसारखी शेपूट, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले आणि पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास असेल तर तो पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. खालून अंग पांढरं आणि पंखांची मागची कड काळी दिसते. हिवाळ्यात मोरघारही येते, तिचे पंख लांब, अरुंद आणि मनगटात वाकलेले असतात, डोळ्यातून गडद पट्टा जातो आणि ती पाय पुढे करून पाण्यात चक्क शिरते.

समुद्र गरुड मासे आणि समुद्रसाप खातो आणि किनाऱ्याजवळच्या जुन्या आंब्यावर, वडावर किंवा उंच सुरूवर काटक्यांचा मोठा माच बांधतो. तोच माच वर्षानुवर्षं वापरतो. म्हणून असं एक झाड तुटलं की नुसतं त्या वर्षाचं पिल्लू जात नाही, जोडीची जागाच जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकणातल्या या घरट्यांची पाहणी केलेली आहे. तुमच्या गावात घरटं असेल तर झाडाच्या मालकाला त्याचं मोल सांगा. संरक्षणाची सुरुवात तिथूनच होते.

काळा बगळा दिसला. कोणता?

पाटीसारखा गडद अंगाचा आणि गळा पांढरा असेल तर समुद्री बगळा. त्याचाच पांढरा प्रकारही असतो आणि तो लहान बगळ्यात मिसळतो. लहान बगळ्याची चोच बारीक काळी, समुद्री बगळ्याची जाड आणि पिवळट-तपकिरी.

मोबाइलवरच्या ॲपवर विश्वास ठेवावा का?

मर्लिन हे ॲप आवाज ओळखायला चांगलं आहे, पण लाटांच्या गाजेत ते बारीक आवाज गाळतं आणि नकलाकारांना फसतं. भृंगराज आणि पर्णपक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतात. ॲपने एकाच झाडातून दोन मिनिटांत पाच नावं दिली तर आधी तिथे भृंगराज बसलाय का ते बघा. ॲपचं नाव ही सूचना समजा, पक्षी डोळ्याने दिसल्यावरच नोंद करा.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती जण आणि दिसलेल्या *सगळ्या* जाती, कावळ्यासकट. फक्त दुर्मीळ पक्षी नोंदवले तर साधे पक्षी कमी होताहेत का हे कुणालाच कळणार नाही. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, शाळेतल्या मुलांना घेऊन सुरुवात करायला तो बरा मुहूर्त.

सड्यावर काही असतं का? सगळं तर ओसाड दिसतं.

भरपूर असतं. हिवाळ्यात भोवत्या गवतावरून खालून खालून तरंगत जातो, चंडोल आणि तीरचिमण्या असतात, संध्याकाळी रातवे. उन्हाळ्यात माळटिटवी उघड्या जांभ्यावर दोन-चार खडे सरकवून अंडी घालते. ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे फिरा. तुम्ही फोटोसाठी थांबलात तर ती अंड्यावर येत नाही आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या कातळावर अंडी शिजायला फार वेळ लागत नाही.

पावसाळ्यात घरीच बसायचं का?

समुद्रावर जाऊ नका, पण गाव सोडू नका. मेअखेर ते जून नवरंग येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ ऐकू आली की तो जमिनीवर पालापाचोळ्यात शोधा. तिबोटी खंड्या याच काळात व्हाळाच्या (ओढ्याच्या) किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून वीण करतो. पावसाळी कामात त्या दरडी जेसीबीने तासल्या जातात, बीळ दिसलं तर ग्रामपंचायतीला तेवढा तुकडा महिना-दीड महिना सोडायला सांगा. सुगरणीची घरटी माडाला, शिंदीला लोंबकळतात. नर निम्मं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच ते पूर्ण होतं आणि मग तो दुसरं घरटं सुरू करतो. ही रीत सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला पाहून मांडली. तुम्हालाही ती ओसरीत बसून बघता येईल, फक्त दुर्बीण आणि सबुरी पाहिजे.

धनेशाचं घरटं ठाऊक आहे. फोटो काढू का?

ढोलीपाशी नाही. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला व पिल्लाला उंबर-वडाची फळं भरवतो. माणसं दिसली की नर फळं घशात घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो. एका तासात एक खेप बुडाली तर ती आतल्यांच्या पोटातून जाते. फोटो हवाच असेल तर फळांनी लगडलेल्या उंबराखाली थांबा, तिथे धनेश, हरियाल, कुटुरगे सगळेच येतात.

किनाऱ्यावर पक्ष्यांच्या किती जवळ जावं?

मीटरपेक्षा पक्ष्याकडे बघा. खाणं थांबवून मान ताठ केली म्हणजे तुम्ही जवळ आलात. चालत दूर जायला लागले म्हणजे फार जवळ आलात. उडाले म्हणजे चुकलं. सरळ अंगावर चालत जाऊ नका, तिरकं जा, थांबत जा, शेवटी खाली बसा. भरती चढत असेल तर पक्षी आपण होऊन जवळ येतात. विसाव्याचा थवा मजेसाठी उडवणं, त्यातून गाडी घालणं किंवा कुत्रा सोडणं यात त्यांची प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्च होते. पुळणीवर गाडी नेऊ नका.

स्वतःलाही जपा. खाजणात (भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलात) अनवाणी उतरू नका, कालवांच्या कडा पाय चिरतात. चिखल पिंढरीच्या वर आला की मागे फिरा. दांड्यावर गेलात तर परतीच्या वाटेवरची खोल जागा आधी बघून ठेवा, पाणी आधी तिथूनच भरतं.

वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवर पक्षी बघायला जाता येईल का?

विणीच्या काळात बेटावर उतरायचा विचारही नको. वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटं चिकटवते आणि काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. घरट्यांना परदेशात मागणी असल्याने इथे चोऱ्या झाल्या आहेत. घरटं गेलं की पक्षी पुन्हा लाळ खर्चून दुसरं बांधतो, पण तोपर्यंत पावसाळा जवळ येतो. घरटं किंवा अंडी काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. माणूस गुहेत शिरला की पाकोळ्या एकदम उठतात आणि अंडी-पिल्लं खाली पडतात.

पाकोळ्या बघायला बेटावर जावंही लागत नाही. वेंगुर्ला-निवती भागात संध्याकाळी उघड्या जागेवर उभे राहा, त्या किडे पकडत किनाऱ्यावरच्या आकाशातही येतात.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर?

फोटो काढा. कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, पट्ट्या कोणत्या रंगाच्या, वरून खाली कोणत्या क्रमाने, त्यावर अक्षरं काय, तारीख आणि जागा हे लिहून मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे) पाठवा. अर्धवट वाचलेली अक्षरंही पाठवा, पण अंदाजाने पूर्ण करू नका.

पावसात किनाऱ्यावर अनोळखी समुद्री पक्षी पडलेला सापडला. काय करू?

जून ते सप्टेंबर जोराच्या पश्चिम वाऱ्यात खोल समुद्रातले बुबी, काजळी सुरय, शिअरवॉटर थकून किनाऱ्याला लागतात. सर्वात नेहमीची चूक म्हणजे त्यांना उचलून परत लाटांत सोडणं. पिसं भिजलेली आणि अंगात ताकद नसलेली असते, ते तिथेच बुडतात. दुसरी चूक म्हणजे चोच उघडून पाणी ओतणं, ते श्वासनलिकेत जातं.

टॉवेल अंगावर टाका, पंख मिटवून दोन्ही हातांनी धरा, चोच तोंडापासून लांब ठेवा. बुबीची चोच धारदार असते आणि ती डोळ्यावर वार करते. तळाला जुना कपडा घातलेल्या, हवेची भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच पहिलं औषध. खायला काही देऊ नका, चुलीजवळ ठेवू नका, मुलांना दाखवायला झाकण उघडू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून गाव आणि जवळची खूण सांगा. पक्षी मेलेला असेल तर हात न लावता चोच, पाय, पंख पसरलेली वरची व खालची बाजू यांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. अशा फोटोंवरून जात नक्की करता येते.